एकलव्याला एक खोली द्या

आपल्या हॉस्टेलात गिटार वाजवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, “कुठे शिकला बे?” उत्तर ठरलेलं : “कुठेच नाही, स्वतःच.” आणि हे सांगताना मान जराशी ताठ होते. होऊ द्या. मेसच्या पाणीदार वरणावर जगून, सबमिशन सांभाळून, बोटांना घट्टे पाडून माणूस सहा तारा आटोक्यात आणतो, तर त्याने थोडा भाव खाल्ला म्हणून बिघडलं कुठे? माझा वाद त्या मानेशी नाही. माझा वाद ‘स्वतःच’ या शब्दाशी आहे. कारण या एका शब्दामुळे आपण सगळे, म्हणजे विद्यार्थी, रेक्टर, कल्चरल कमिटी, एका जबाबदारीतून अलगद सुटतो. तो स्वतः शिकतोय ना? मग शिकू द्या. आपल्याला काय करायचं आहे?

गुरूशिवाय शिकलेला म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो एकलव्य. त्याच्या गोष्टीत सगळ्यांचं लक्ष अंगठ्याकडे जातं. मला मात्र नेहमी तो कुत्रा आठवतो. रानात मातीच्या पुतळ्यासमोर एकट्याने सराव करून हा पोरगा अर्जुनाच्या तोडीचा झाला, पण हे जगाला कळलं केव्हा? पांडवांचा कुत्रा भुंकत तिकडे गेला आणि तोंडात बाण घेऊन परत आला तेव्हा. कुत्रा त्या दिवशी दुसऱ्या वाटेने गेला असता तर महाभारतात एकलव्य नसताच. (रात्री साडेअकराला जिन्यात वाजवणाऱ्या आपल्या कलाकारांचा पहिला श्रोतासुद्धा मेसच्या मागचा कुत्राच असतो, तो भाग वेगळा.) एकट्याने हात तयार होतो, यात शंका नाही. पुढे काय, हा प्रश्न आहे.

रॉकमधला एकलव्य शोधायचा तर मी टोनी आयोमीचं नाव घेईन. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला. आपल्यातले मेटलवाले याचं नाव निघालं की कानाची पाळी पकडतात. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला हा कामगार वस्तीतला पोरगा, डावखुरा, ऐकून ऐकून गिटार शिकलेला. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एका बँडबरोबर युरोपात जायचं ठरलं होतं आणि कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तर परत जायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, काम सोडायचं तर नीट पूर्ण करून सोड. परत गेला, नेहमीच्या जागी नसलेल्या एका कामगाराच्या मशीनवर बसवला गेला, आणि प्रेसखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे नेमका तोच हात तारा दाबणारा.

पुढचं आपल्या वर्कशॉपच्या सरांनी पहिल्या तासाला सांगावं असं आहे. त्याने लिक्विड साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या मापाच्या टोप्या केल्या, पॉलिश पेपरने घासून बसवल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं कातडं चिकटवलं. तारा जाड म्हणून दाबल्या जाईनात, तर बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धसूर खाली लावलेली आहे. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं आठवा : तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सूर तीन अर्धस्वरांनी उतरवला की कंप्रता सुमारे ८४ टक्के राहते, म्हणजे ताण सुमारे ७१ टक्के. कापलेल्या बोटांना तेवढाच आराम. पण त्या सैल तारेतून जो जड, घोगरा, पोटात उतरणारा आवाज निघाला, त्यावर पुढे हेवी मेटल नावाचं अख्खं घराणं उभं राहिलं. गणित कच्चं असणाऱ्यांनीसुद्धा हे गणित कानाने सोडवलेलं आहे.

आता ही गोष्ट नेहमी इथेच थांबवतात. जिद्द, चिकाटी, इच्छा तेथे मार्ग, टाळ्या. मला तिच्यातले उरलेले दोन भाग जास्त महत्त्वाचे वाटतात. पहिला असा : बोटं गेल्यावर आयोमीने गिटार सोडल्यात जमा होती. तेव्हा कारखान्यातला त्याचा वरिष्ठ त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला आणि ऐक म्हणाला. ती जँगो राईनहार्टची होती. या जिप्सी गिटारवादकाची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ साली गाडीतल्या आगीत निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जॅझ वाजवत होता. म्हणजे ‘स्वतःच’ शिकलेल्या आयोमीला ऐन वेळी उभं केलं ते कारखान्यातल्या एका साध्या माणसाने. त्याला गिटार येत नसेलही. त्याच्याकडे एक रेकॉर्ड होती आणि ती नेऊन द्यायची अक्कल होती. आपल्या कॉलेजातल्या स्टाफने हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी नम्र विनंती.

दुसरा भाग म्हणजे बर्मिंगहॅम. तिथे जिम सिम्प्सन नावाच्या एका संगीतकाराने १९६८ मध्ये स्टेशनजवळच्या ‘क्राऊन’ नावाच्या पबच्या माडीवर क्लब सुरू केला, ‘हेन्रीज ब्लूजहाऊस’. आठवड्यातली एक रात्र, एक खोली, वाजवणारे आणि ऐकणारे. ही चार कारखान्यातली पोरं तिथे यायची, संधी मागायची, वाजवायची. सिम्प्सन पुढे त्यांचा पहिला मॅनेजर झाला. मग हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसाला अनेक वेळा तेच तेच वाजवून हात असा बसला, की ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम साधारण बारा तासांत रेकॉर्ड झाला. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. बारा तास! आपल्याकडे गॅदरिंगच्या एका गाण्याची साऊंड चेकिंग तेवढा वेळ चालते. हा झटपटपणा प्रतिभेने येत नाही, शंभर रात्री लोकांसमोर वाजवल्याने येतो. आणि या माणसांनी गाव सोडलं नाही बघा : ५ जुलै २०२५ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला तो बर्मिंगहॅममध्येच, ॲस्टनमधल्या व्हिला पार्कच्या मैदानावर. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला, त्यांचा गायक ओझी ऑस्बोर्न गेला.

जिमी हेंड्रिक्सचंही तेच. डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा, नोटेशन न वाचता येणारा, म्हणजे ‘सेल्फ टॉट’ लोकांचा कुलदैवतच. पण सिॲटलमधल्या पहिल्या कार्यक्रमात त्याला मध्यंतरातच काढून टाकलं होतं, फार मिरवतो म्हणून. मोठ्या बँडमागे वर्षानुवर्षं साथ करत तो घडला. मला त्यातला फौजेतला प्रसंग आवडतो. १९६१ मध्ये तो अमेरिकन सैन्यात होता. छावणीच्या सर्व्हिस क्लबात वाजवत बसलेला असताना बाहेरून जाणाऱ्या बिली कॉक्स नावाच्या सैनिकाने खिडकीतून ते ऐकलं, आत गेला, क्लबमधली बेस गिटार मागून घेतली आणि साथीला बसला. पुढे हाच कॉक्स हेंड्रिक्सबरोबर वुडस्टॉकला वाजवतो. जरा विचार करा, या गोष्टीत काय काय लागलं? एक खोली, जिच्या खिडकीतून आवाज बाहेर जातो. एक वाद्य, जे कुणाच्या बापाचं नाही, क्लबचं आहे. आणि ते वापरायला देणारा कारकून. सैन्याच्या छावणीत हे चालतं तर आपल्या हॉस्टेलात चालायला हरकत काय? शिस्त काय फौजेपेक्षा आपल्याकडे जास्त आहे?

तिकडचं सोडा, आपल्या महाराष्ट्राचं बघू. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड निघाला. महेश तिनईकर, जयेश गांधी हे गिटारवाले, उदय बेनेगल गायक. त्या काळात आपल्याकडच्या रॉकवाल्यांपुढे इंटरनेट नव्हतं, यूट्यूब नव्हतं. कॅसेट लावायची, एक तुकडा ऐकायचा, रिवाइंड करायची, बोटं शोधायची, पुन्हा रिवाइंड. कॅसेटची फीत ताणली गेली की सूरही उतरायचा, मग तेच बरोबर समजून वाजवायचं. श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी हवी असायची. अशा वेळी या लोकांनी स्वतःची गाणी रचली, १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे अल्बम काढले. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. १९९७ ला फुटले, २०१० ला पुन्हा जमले, २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ काढला.

पण हे हवेत झालं नाही. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू केलं होतं. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, नव्या बँडना मोठ्या गर्दीसमोर उभं राहता यायचं. शिवाय आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो होता. म्हणजे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवाल्यांनी चालवलेला महोत्सव, हे विसरू नका. आणि स्टेज गेलं की काय होतं तेही तिथेच दिसलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवन नेमकं कॉलेज आणि दवाखान्यांच्या मधोमध. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले, आणि त्याच्या बदल्यात तेवढं स्वस्त, तेवढं मध्यवर्ती दुसरं ठिकाण कुणी उभारलं नाही. गिटारवाले होते तिथेच होते, त्यांच्या पायाखालची फळी तेवढी गेली.

“हो, पण ते मुंबईचं झालं,” असं म्हणणार तुम्ही. मला ठाऊक आहे, कारण मी केळापूर तालुक्याचा आहे आणि हे वाक्य ऐकतच मोठा झालो. म्हणून एक गंमत सांगतो. देशातल्या नव्या बँडचा सगळ्यात गाजलेला महोत्सव म्हणजे एनएच सेव्हन वीकेंडर. पहिला झाला पुण्यात, डिसेंबर २०१० मध्ये. हे एनएच सेव्हन काय आहे? राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात. वाराणसीहून निघून नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबाद, बंगलोर आणि थेट कन्याकुमारी. पुणे या रस्त्यावर नाही. केळापूर आहे! ज्या रस्त्याच्या कडेला आम्ही एसटीची वाट पाहत उभे राहिलो, त्याचं नाव पुण्याच्या पोरांनी शर्टावर छापून घेतलं आणि आमच्याकडे त्या नावाचा टोलनाका आला. (२०१० मध्येच महामार्गांचे आकडे बदलले आणि आमचा सात नंबर चव्वेचाळीस झाला. म्हणजे नावही गेलं आणि आकडाही गेला. काय करता राजेहो!)

गंमत बाजूला ठेवू. केळापूरला जगदंबेची नवरात्रात जत्रा भरते, पांढरकवड्याच्या बाजारात कापसाचे भाव आणि गाणी दोन्ही मोठ्याने चालतात, महामार्गावरच्या धाब्यांवर पंजाबीपासून तेलुगूपर्यंत सगळं कानावर पडतं. कोलाम-गोंड पोडांवर ढोल निघतात. संगीताचा दुष्काळ आमच्याकडे कधीच नव्हता. दुष्काळ होता तो विजेचा. २००५ च्या पुढची काही वर्षं आठवत असतील त्यांना कळेल. बारा-बारा तास लोडशेडिंग असलेल्या गावात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भिंतीवरचं शोभेचं लाकूड. आमच्या भागातून अकोस्टिकवालेच का निघाले, याचं उत्तर संगीतशास्त्रात नसून महावितरणच्या वेळापत्रकात आहे.

आणि लोकल सीन, म्हणजे गावात वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा जमलेला अड्डा, तो कसा उभा करायचा हे मला मुंबईकडून शिकायची गरजच नाही. आमच्याकडे तो शंभर घरांच्या गावातही आहे. त्याला भजन मंडळ म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या या माणसाने खंजिरीवर माणसं जमवली आणि १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे गावोगाव लोक ठरल्या वेळेला प्रार्थनेला आणि भजनाला बसू लागले. आता बघा तिथे पोरगा कसा शिकतो. आधी मागे बसून टाळ. मग कुणी लघवीला उठला की खंजिरी दोन मिनिटं हातात. मग हार्मोनियमवाल्या काकाच्या बोटांकडे पाहत वर्षभर. कुणी कुणाला शिकवत नाही, फी नाही, क्लास नाही, आणि तरी शिकणारा एकटा नसतो. चुकला तर गाणं थांबत नाही, बाजूचा कोपर मारतो. वार ठरलेला, जागा ठरलेली, वाद्यं मंडळाची. त्याच्यावर तालुक्याला भजन स्पर्धा. ‘हेन्रीज ब्लूजहाऊस’ यापेक्षा वेगळं काय होतं? बिअर सोडली तर काहीच नाही.

आता आपल्या हॉस्टेलातल्या एकलव्याकडे या. आजच्या पोराकडे माहितीची कमी नाही. फोनवर जगातले उत्तम गिटारवाले फुकट शिकवतात, हवं तिथे थांबवता येतं, अर्ध्या वेगाने पाहता येतं. कॅसेटवाल्या पिढीने हे पाहिलं असतं तर रडली असती. परिणामी आपल्याकडे असे दोन-तीन जण आहेत की ज्यांची बोटं ऐकून सीनियरही गप्प होतात. पण त्यांना ड्रमवाल्याबरोबर उभं करा. दुसऱ्या मिनिटाला पुढे पळतात. कारण खोलीत एकटं वाजवताना चुकलं की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, ही सवय हाडात गेलेली असते. फोन तुमच्यासाठी थांबतो. ड्रमवाला थांबत नाही, आणि थांबूही नये. दुसऱ्याचं ऐकत वाजवणं, आपण कधी गप्प राहायचं ते कळणं, गायकाच्या पट्टीला गाणं उतरवणं, तार तुटली तरी गाणं संपवणं : यातलं काहीही एकट्याने शिकता येत नाही. जसं पोहणं पलंगावर शिकता येत नाही. हुशार पोरगा चार वर्षं पलंगावर पोहतो, कॅम्पसमध्ये सिलेक्ट होतो, गिटार कपाटावर जाते. किती गिटारी अशा कपाटांवर पडल्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आणि त्याला वर्षातून एकदा आपण काय देतो? गॅदरिंगला साडेतीन मिनिटं. तीही ट्रॅक लावून. ऑडिशनला परीक्षक म्हणून ज्यांना बसवतो त्यांचा सल्ला, “जरा ओळखीचं काही वाजव, पब्लिकला कळलं पाहिजे.” मग रात्री डीजे. मी डीजेच्या विरोधात नाही, मीही नाचतो, वाईट नाचतो. पण एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एक बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर आणि एक जुना ड्रमसेट येऊ शकतो, आणि तो दहा बॅच वापरतील. डीजेचं बिल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शिळं झालेलं असतं. हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. कमिटीत जे येतात त्यांच्याकडे एवढा वेळच नसतो, मागच्या वर्षीची फाईल काढायची, तारीख बदलायची. फाईलमध्ये एकदा नवी ओळ घातली की तीही पुढची दहा वर्षं चालेल, हा फाईलचा चांगला गुण आहे.

विरोधात तीन गोष्टी हमखास निघतात. पहिली, हे आपलं नव्हे. हार्मोनियम तरी कुठे आपली होती? युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती तीस वर्षांवर टिकली. आज हार्मोनियमशिवाय भजन बसतं का? विसर्जनाच्या मिरवणुकीतला आपला लाडका बेंजो हा जपानच्या नागोयात १९१२ साली निघालेल्या ताईशोगोतो या वाद्याचा वंशज आहे. वाद्याला पासपोर्ट विचारत बसलो तर मिरवणूक मुकी निघेल.

दुसरी, अभ्यास बुडतो. यावर मला ब्रायन मे पुढे करायचा मोह आवरत नाही. क्वीन बँडचा हा गिटारवाला. घरची परिस्थिती महागडी गिटार घेण्यासारखी नव्हती म्हणून १९६३ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार असलेल्या वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. दोन वर्षं लागली. गिटारीचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या, दांड्यावरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या मोत्याच्या बटणांच्या. हीच गिटार त्याने पुढे आयुष्यभर जगभर वाजवली. शिक्षण फिजिक्सचं, आणि अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. त्याच बँडचा बेसवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पहिल्या वर्गातला पदवीधर. रस्त्यावरच्या कचरापेटीत सापडलेल्या एका सर्किट बोर्डापासून त्याने छोटा ॲम्प बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या मिनी प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षं तोच ट्रॅफिक सिग्नल आणि तोच पाण्याच्या टाकीचा अलार्म असतो. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं, बारावीतला फॅरेडे. प्रीअँप म्हणजे एक ऑपअँप. डिस्टॉर्शन म्हणजे जाणूनबुजून केलेलं क्लिपिंग. ज्या क्लिपिंगसाठी व्हायवाला मार्क कापतात त्याच्यावरच लोक स्टेडियम भरवतात. सरांनी एकदा हा प्रोजेक्ट मंजूर करून पाहावा, ॲम्पचा खर्चही वाचेल. मेकॅनिकलवाल्यांनी फ्रेटची अंतरं काढावीत. प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी दोनच्या बाराव्या मुळाने भागायची, बाराव्या फ्रेटला तार बरोब्बर अर्धी. आणि सिव्हिलवाल्यांना खोली दिसेलच.

तिसरी हरकत आवाजाची. ही मात्र खरी आहे. थर्ड फ्लोअरवर कुणाचा केटीचा पेपर असतो, कुणाला ताप असतो, कुणाला फक्त झोप हवी असते आणि तेही पुरेसं कारण आहे. रंगभवनाचं जे झालं ते याच कारणाने झालं, म्हणून हे आधीच सोडवलं पाहिजे. जिन्यात वाजवलेलं सगळ्या मजल्यांवर जातं. उपाय वाजवणं बंद करणं हा नसून जिना बंद करणं हा आहे.

मुळात जागा किंवा माणूस फार मोठा लागत नाही. भारतातल्या रॉकचं पहिलं नाव घेण्यासारखं मासिक, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’, १९९३ मध्ये अमित सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं ते मुंबईत नव्हे, अलाहाबादेत. शिलाँगमध्ये लू माजॉ हा गायक १९७२ पासून बॉब डिलनच्या वाढदिवसाला, २४ मे ला, कार्यक्रम करत आला. एक माणूस, एक तारीख. लोक आपोआप येऊ लागले, नवे वाजवणारे त्या तारखेकडे डोळे लावून तयारी करू लागले. तारीख असली की सराव होतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? पीएल लागल्याशिवाय आपण पुस्तक उघडतो का?

तर माझं म्हणणं सरळ आहे. मेसच्या पलीकडे जुनी टेबल टेनिसची खोली आहे. टेबल मोडल्याला बरीच वर्षं झाली, आत सध्या तुटक्या खाटा आणि मागच्या निवडणुकीचे बॅनर आहेत. ती आतून जुन्या गाद्यांनी मढवायची. गाद्या भरपूर आहेत, दर जूनला फेकतो. खिडकी एकच आहे आणि ती हॉस्टेलकडे नसून शेताकडे उघडते. ती मात्र बंद करायची नाही, कुणी बिली कॉक्स बाहेरून जात असेल तर त्याला ऐकू गेलं पाहिजे. वायरिंग आधी इलेक्ट्रिकलच्या पोरांकडून तपासून घ्यावं, कारण हॉस्टेलच्या प्लगना अर्थिंग आहे यावर माझा विश्वास नाही. अर्थिंगशिवाय ॲम्प लावला की पन्नास हर्ट्झचा असा घुमारा सुटतो की तानपुऱ्याची गरज पडत नाही, आणि शॉक बसतो तो वेगळा. गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ. गुरुवार यासाठी की शुक्रवारी प्रॅक्टिकल कमी असतात आणि शनिवारी अर्धं हॉस्टेल गावाला जातं. ज्याला वाजवायचं त्याने यावं, ज्याला ऐकायचं त्याने खाली बसावं, गिटारच पाहिजे असं नाही. खंजिरीवाला आला तर पहिली जागा त्याची. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दार सगळ्यांना उघडं, स्टाफसुद्धा, आणि त्या दिवशी प्रत्येकाने निदान एक तरी स्वतःचं गाणं वाजवायचं, कितीही भिकार असो.

कुलूप मी आणलं आहे. दोन किल्ल्या आहेत. एक रेक्टर सरांच्या टेबलावर राहील, वहीत नाव आणि वेळ लिहून न्यायची आणि नऊ वाजता परत ठेवायची. दुसरी कुणाकडे द्यायची ते कल्चरल सेक्रेटरीने सांगावं. अर्ज ऑफिसात दिला आहे, त्यावर आतापर्यंत अठ्ठावीस सह्या आहेत, आणि त्यातल्या सहा जणांना काहीही वाजवता येत नाही.